झाकणाच्या आतली खूण

पुणे
१२ जून २००६

आदरणीय इफ्फतआपांना,
सप्रेम नमस्कार.

मी कुलदीप गावंडे. अकोल्याची 'पूर्णा वॉच कंपनी' काढणारे खुशालराव माझे आजोबा, महादेवराव माझे वडील. कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली, म्हणून ओळख अशी आजोबांपासून सांगावी लागते आहे. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी हाफपँटीत होतो.

बातमी आनंदाची आहे. इथल्या एका मोठ्या कंपनीने 'पूर्णा' हे नाव घेतलं आहे. जुनी, चावीची मनगटी घड्याळं आता शौकीन लोक हुडकून हुडकून घेतात. दिवाळीत तशीच नवी 'पूर्णा' बाजारात येणार, आणि तिच्याबरोबर आपल्या कंपनीचा सचित्र इतिहास. तो लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. १९६८ साली हिवरखेडचा एक कापूसवाला माणूस उठतो आणि अकोल्यात मनगटी घड्याळं बनवतो म्हणतो, यातच केवढी गोष्ट आहे बघा!

रहीमचाचांशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. त्यांचा एक चांगला फोटो हवा आहे. शिवाय त्यांचं डोळ्याचं भिंग आणि चिमटे मिळाले तर पुण्याच्या दालनात काचेच्या पेटीत मांडता येतील. सोबत पुस्तकाचं पान ब्याऐंशी जोडतो. त्यात चाचांचा उल्लेख आहे. तारखा तेवढ्या तपासून द्याव्यात. मुखपृष्ठाचा नमुनाही पाठवतो आहे, तुम्हाला आवडेल.

आपला,
कुलदीप

(पान ८२) "१९८६-८७ हे वर्ष उतरणीचे ठरले. एका शिक्षक पतसंस्थेला दिलेली बावीसशे घड्याळे पुढच्याच उन्हाळ्यात बंद पडली. चौकशीत वेळतपासणी विभागाचा निष्काळजीपणा उघड झाला व विभागप्रमुख अब्दुल रहीम यांना कामावरून कमी करावे लागले. ग्राहकांचा तुटलेला विश्वास पुन्हा जुळला नाही."

•

बाळापूर
१९ जून २००६

श्री. कुलदीप महादेवराव गावंडे यांस,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही आत्ता माझ्याकडून निघत नाहीत. तेव्हा तसंच सुरू करते.

तारखा तपासल्या. बरोबर आहेत. बाकीचं पान खोटं आहे.

कुरिअरवाला आला तेव्हा अब्बा दुकानातच होते. आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, किल्ल्याच्या रस्त्याला. अब्बा एकाहत्तर वर्षांचे आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी दहाच्या ठोक्याला येऊन आपल्या स्टुलावर बसतात. काय आलं म्हणून विचारलं, तर मी विजेचं बिल म्हणाले. बापाशी खोटं बोलायची वेळ तुमच्या आनंदाच्या बातमीने आणली.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते अब्दुल रहीम कोण होते. 'पूर्णा'चं प्रत्येक घड्याळ त्यांच्या टेबलावर चार दिवस राहायचं. उताणं, पालथं, उभं, आडवं. पाचव्या दिवशी बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत, आपल्या मे महिन्यासारख्या उष्णतेत. त्यातून पास झालं तरच ते मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आपली खूण कोरायचे, विळ्याच्या पात्यासारखी एक रेघ आणि तिच्या पोटात टिंब. अख्ख्या वऱ्हाडात गिऱ्हाईक दुकानदाराला आधी झाकण उघडायला लावायचं. आत रेघ दिसली तर घड्याळ मनगटावर, नाही तर परत पेटीत. तुमच्या आजोबांचं नाव डायलवर होतं, पण लोक 'रहीमचं घड्याळ दाखवा' म्हणायचे. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, जाऊन विचारा. दुकानदारांचा झाकण उघडायचा चाकू गल्ल्याशेजारी असायचा.

अशा माणसाला तुम्ही निष्काळजी म्हणता, आणि वर फोटो मागता! चिमटे काचेत ठेवणार म्हणता! माणसाला फाशी देऊन त्याचे जोडे मिरवायला मागण्याचा हा प्रकार आहे.

एकोणीस वर्षं ही गोष्ट अकोल्यातल्या पाच-पन्नास लोकांच्या तोंडात होती. ते लोक म्हातारे झाले, काही गेले. उरलेले विसरत आले होते. आता तुम्ही ती छापणार. छापलेलं मरत नाही. अब्बांचं नाव त्या पानावरून काढा. मला दुसरं काही नको.

आणि मुखपृष्ठ पाहिलं. गुडघाभर पांढऱ्या कापसात हसणारा शेतकरी, मनगटावर 'पूर्णा', खाली 'मातीची वेळ'. कुठला आणला हा? आमच्याकडे आत्महत्यांचा आकडा पेपरात चौकटीत येतो, पावसाच्या आकड्याशेजारी. हसणारा कोणी दिसला तर मी कळवीन.

इफ्फत अब्दुल रहीम

•

पुणे
३ जुलै २००६

इफ्फतआपा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मुखपृष्ठाचं तुमचं म्हणणं खरं आहे. मी इथे मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोटो छान आहे असं म्हणाले.

पानाबद्दल मात्र माझी अडचण समजून घ्या. मी मनाने काही लिहिलेलं नाही. जून १९८७ चा चौकशी अहवाल माझ्यासमोर आहे. त्यावर माझ्या वडिलांची सही आहे आणि खाली रहीमचाचांचीही. त्यांना विचारलं गेलं, या खुणा तुमच्या आहेत का. उत्तर 'होय' असं लिहिलेलं आहे. त्यांनी स्वतः मान्य केलेली गोष्ट मी कशाच्या आधारावर काढू?

काही कागद असेल, कोणी साक्षीदार असेल, तर पान बदलण्याची जबाबदारी माझी. चाचांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आपला,
कुलदीप

•

बाळापूर
११ जुलै २००६

कुलदीप गावंडे यांस,

आदर तुमच्या मनात आहे आणि निष्काळजीपणा तुमच्या पानावर. दोघांची अदलाबदल करता आली तर बघा.

आधार मागता, घ्या. घड्याळात जे तेल घालतात ते परदेशातून यायचं, बोटाएवढ्या बाटलीत. सुईच्या टोकावर राहील एवढंच घालायचं. ८६ च्या जुलैत ते संपलं आणि परवाना अडकला. शिक्षकांची ऑर्डर पाच सप्टेंबरला द्यायची होती. तुमच्या वडिलांनी काय केलं? बाजारातून शिलाई मशीनचं तेल आणवलं. अब्बांनी ती बाटली उचलून त्यांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली आणि म्हणाले, "मालक, हे टेलरले द्या. घड्याळात टाकसान त उन्हाळ्यात पाण्यासारखं पसरते, आन् समदं जाम होते." मी तिथेच होते. मी तेव्हा वीस वर्षांची, त्याच विभागात दोन वर्षं काम शिकत होते.

ऑगस्टच्या अठराला माझी आई हलीमाबी अमरावतीच्या दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन. अब्बा अकरा दिवस तिच्या उशाशी होते, एकोणतीसला परत आले. तोवर बावीसशे घड्याळं ते तेल पिऊन पतसंस्थेकडे रवाना झाली होती. जो माणूस अकोल्यातच नव्हता, त्याचा निष्काळजीपणा कसला?

अहवालात काय लिहिलं आणि कोणी लिहवून घेतलं, ते तुमच्या वडिलांना विचारा. ते अमरावतीत धडधाकट आहेत असं ऐकते. मला कागद मागण्याआधी बापाला दोन शब्द मागायला हरकत नव्हती.

जुनी घड्याळं शोधून उघडत बसू नका. त्यात काही सापडणार नाही, नुसता वेळ जाईल. नाव काढा.

इफ्फत

•

अमरावती
२ ऑगस्ट २००६

इफ्फतआपा,

तुम्ही उघडू नका म्हणालात आणि मी उघडली. तुमचं पत्र वाचून माझा तुमच्यावर विश्वास बसला होता, म्हणूनच उघडली. चाचा अकोल्यात नव्हते तर त्या घड्याळांत त्यांची खूण नसणार. खूण नसलेलं एक जरी घड्याळ दाखवलं तरी पुण्याचे लोक पान बदलतील, असा माझा हिशेब होता.

हिवरखेडला पंजाबराव म्हणून निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्याकडे त्या लॉटमधली दोन निघाली. अकोल्याच्या दुर्गाबाई शिक्षिका, त्यांच्याकडे एक. एक इथल्या जुन्या बाजारात मिळालं. चारही झाकणं मी स्वतः उघडून घेतली. चारही झाकणांत रेघ आहे. रेघेच्या पोटात टिंब आहे.

वडिलांनाही विचारलं. बातम्या लावून बसले होते. आवाज कमीसुद्धा केला नाही. "रहीमनं खूण मारली, म्या नाही. विचार त्याले," एवढंच बोलले. मी तेलाचं विचारलं तर म्हणाले, "त्या टायमाले जे भेटलं ते वापरलं." म्हणजे तेलाचं खरं आहे. पण खुणेचंही खरं आहे.

तुम्ही मला निम्मंच सांगितलंत. तुमच्यासाठी मी वडिलांशी भांडलो, पुण्याच्या लोकांपुढे शब्द टाकला, पंजाबरावांसारख्या माणसाच्या घरी जाऊन त्यांच्या घड्याळाची झाकणं काढली. आणि चाचांनी बसल्या जागी बावीसशे घड्याळं न तपासता पास केलेली निघाली. अमरावतीला जायच्या आधी केली की आल्यावर, ते त्यांनाच ठाऊक. मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

पान जसं आहे तसंच जाईल. फोटो पाठवू नका.

कुलदीप

•

पुणे
९ सप्टेंबर २००६

इफ्फतआपा,

महिना उलटला, तुमचं उत्तर नाही. दोनदा दुकानाच्या नंबरवर फोन केला. दोन्ही वेळा चाचांनी उचलला आणि मी काही न बोलता ठेवला. त्यांचा आवाज ओळखला मी.

मागचं पत्र फार कडक झालं. पण आपली पत्रापत्री एका कामासाठी सुरू झाली होती, म्हणून कळवतो. पुस्तक तीस तारखेला छापायला जातं. त्यानंतर एक अक्षरही हलणार नाही.

कुलदीप

•

बाळापूर
१६ सप्टेंबर २००६

कुलदीप,

आता तुला 'तुम्ही' म्हणून लिहिणं जमत नाही. जे लिहायचंय ते धाकट्या भावालाच लिहिता येईल, आणि रागवायचं तर तसंच रागव.

त्या खुणा अब्बांच्या नाहीत. माझ्या हातच्या आहेत.

अब्बा अमरावतीला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझे वडील आमच्या विभागात आले. बावीसशे घड्याळं खोक्यांत भरून आली होती, झाकणं सुटी. पतसंस्थेची अट होती की प्रत्येक घड्याळात रहीमची खूण हवी. महादेवराव माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी एका बाद झालेल्या झाकणावर सहज रेघ मारून बघत होते, ते त्यांनी उचलून पाहिलं. म्हणाले, "इफ्फत, तुहा हात त रहीमभाईपेक्षा साफ हाय वं. चार दिस ठेवाले टाइम नाही. तू मारून दे खुणा. रहीमभाईले म्या सांगतो."

त्यांनी मला धमकावलं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. धमकावलं नाही. माझ्या हाताचं कौतुक केलं, आणि मला ते आवडलं. अब्बा दोन वर्षांत एकदा म्हणाले नव्हते की तुझा हात चांगला आहे. मालक म्हणाले. सहा दिवसांत मी बावीसशे झाकणांवर रेघा मारल्या. तेल कोणतं घातलंय ते मला माहीत होतं. पाच दिवसांच्या तपासणीसाठी एकही घड्याळ एक तासही ठेवलेलं नाही, हे तर मी डोळ्यांनी पाहत होते. रेघा मात्र सुंदर आल्या. शेवटी शेवटी तर मी गुणगुणत होते.

मे महिन्यात घड्याळं परत येऊ लागली, पोत्यांत भरून. जूनमध्ये चौकशी. अब्बांना आत बोलावलं, मी बाहेर बाकावर. अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि म्हणाले, चल घरी. घरी हात धुतले, जेवले. मला एक शब्द विचारला नाही. आई विचारत राहिली, तिलाही सांगितलं नाही. ती या जगातून गेली तेव्हाही तिला कळलेलं नव्हतं.

मी स्वतःची समजूत घातली की अब्बांनी आयुष्यात लाखभर खुणा मारल्या, त्यांना आपल्या-परक्या कळल्या नसतील. त्यांना वाटलं असेल की आपलाच काही गोंधळ झाला. ही समजूत घालून मी एकोणीस वर्षं जगले. त्यांनी बाळापुरात दुकान टाकलं, शेजारी बसवून मला सगळं शिकवलं, आणि मी तुझ्या वडिलांना, तुमच्या कंपनीला, तुमच्या खानदानाला शिव्या देत राहिले. त्या शिव्या खोट्या नव्हत्या. पण मी त्या एवढ्या मोठ्याने देत होते, कारण गप्प बसले की मला माझाच हात दिसायचा.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, नाव नुसतं काढून टाकलं की झालं. आता तसं चालणार नाही. नाव काढलंस तरी लोक म्हणतील, खूण तर रहीमचीच आहे. तू झाकणं उघडलीस तशी उद्या तुझे शौकीन लोक उघडतील. म्हणून पान ब्याऐंशीवर हे छाप. एकही शब्द गोड करू नकोस.

"शिक्षक पतसंस्थेला दिलेल्या बावीसशे घड्याळांत मालक महादेवराव गावंडे यांच्या हुकुमावरून शिलाई मशीनचे तेल घातले गेले. विभागप्रमुख अब्दुल रहीम यांनी त्याला नकार दिला होता. ते रजेवर असताना त्यांची खूण त्यांची मुलगी इफ्फत हिने, मालकांच्या सांगण्यावरून, एकही घड्याळ न तपासता मारली. अब्दुल रहीम यांनी दोष आपल्यावर घेतला."

तुझ्या बापाचं नाव आणि माझं नाव, दोन्ही राहतील. एक काढलंस तर मी दोन्ही नावं अकोल्याच्या पेपरात देईन.

इफ्फत

•

पुणे
१० ऑक्टोबर २००६

आपा,

पान छापलं गेलं. तुम्ही लिहिलं तसंच, एक शब्दही बदलला नाही. प्रत सोबत पाठवतो.

तुमचं पत्र घेऊन मी अमरावतीला गेलो आणि वडिलांना वाचून दाखवलं. या वेळी त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "म्या कंपनी वाचवून राहिलो होतो." मी म्हटलं, कंपनी तर चार वर्षांत बुडाली. त्यावर म्हणाले, "लिव्हायचं त लिव्ह. पन म्या मेल्यावर लिव्ह." मी त्यांना सांगितलं की चाचा जिवंत आहेत, म्हणून आत्ताच लिहावं लागेल. निघताना पाया पडलो तर त्यांनी पाय मागे घेतले. आजोबांच्या नावाचं पुस्तक लिहायला घेतलं आणि वडील गेले हातचे. माझी तक्रार नाही, फक्त तुम्हाला कळवतो.

पुण्याच्या लोकांचं ऐका. मला वाटलं होतं ते पान गाळतील, मी राजीनाम्याची तयारी ठेवून गेलो होतो. उलट ते खूश झाले. त्यांचा जाहिरातप्रमुख म्हणाला, याच्यात भावना आहेत. बाप-लेक, त्याग, कबुली, लोक रडतील. मुखपृष्ठावरचा शेतकरी काढून तिथे झाकणाच्या आतली रेघ टाकली आहे. दिवाळीनंतरच्या समारंभात तुम्ही आणि चाचांनी व्यासपीठावर यावं, तुम्ही सगळ्यांसमोर एका झाकणावर ती रेघ मारून दाखवावी, असं त्यांनी मला तुम्हाला लिहायला सांगितलं. मी त्यांना तोंडावर नाही म्हणालो नाही, याची मला लाज वाटते. तुम्हीच काय ते म्हणा.

चाचांना पान दाखवाल तेव्हा माझा सलाम सांगा. त्यांचं नाव स्वच्छ झालं, एवढं तरी आपल्या हातून झालं.

तुमचा,
कुलदीप

•

बाळापूर
३१ ऑक्टोबर २००६

कुलदीप,

तुमच्या जाहिरातवाल्याला सांग की माझा हात आता कोणासमोर रेघ मारत नाही. लोकांना रडवायचं असेल तर त्याने दुसरी सोय करावी. व्यासपीठावर उभं राहून बापाची बेअब्रू आणि माझं पाप विकायला मी काही 'पूर्णा'चं नवं मॉडेल नाही. हे याच शब्दांत सांग, आणि या वेळी तोंडावर सांग.

पान मी लगेच दाखवलं नाही. जपून ठेवलं. यंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली, बाजार दोन्हीकडून भरलेला. मी ठरवलं होतं की ईदच्या दिवशी नमाजहून आले की अब्बांच्या हातात द्यायचं. मला खरंच वाटत होतं की यापेक्षा मोठी ईदी मी त्यांना देऊ शकत नाही. मूर्खपणाला वयाची अट नसते.

ते आले, शिरखुर्मा घेतला, मी पान पुढे केलं. त्यांनी चष्मा न लावता आपलं भिंग डोळ्याला लावलं आणि वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. घरात आम्ही उर्दू बोलतो, हे तुला ठाऊक असेल. अब्बा फार रागावले की मात्र कारखान्यातली वऱ्हाडी बोलतात. आई गेल्यापासून मी ती त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"हे कोनं लिवलं?" म्हणाले.

मी सांगितलं, मी लिहिलं. त्यांना सगळं माहीत नसेल म्हणून मी सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मले सांगू नोको. म्या पयलं झाकन उघडलं तवाच समजलो. म्या डावखुरा हाय. माही रेघ खालून वर जाते, तुही वरून खाली. एकोणीस वर्सं झाली, मले माहीत हाय."

मी विचारलं, मग तुम्ही 'माझीच' का म्हणालात?

"तू वीस वर्साची व्हती. तुहं नाव त्या कागदावर आलं असतं त जल्मभर तुले कोनी घड्याळ हातात देलं असतं काय? कोनी घरात घेतलं असतं काय? म्हून म्या माहं नाव देलं. माह्या नावाचं काय व्हायचं ते झालं, मले चाललं. या हातानं म्या लई घड्याळं सुधरोली, त्यातली निम्मी आता बंद पडली असतीन. तुहं नाव तेवढं चालू व्हतं. ते तू सवताच्या हातानं बंद पाडलं."

मलाही राग आला, कुलदीप. मी लपवून काय करू? मी ओरडले त्यांच्यावर, ईदच्या दिवशी. म्हटलं, माझ्यासाठी केलंत तर मला सांगितलं का नाहीत? एकदा कानफटात मारली असती तर मी सुटले असते. मला शेजारी बसवून चिमटा धरायला शिकवत होतात, आणि मनात रोज माझी चूक घेऊन बसला होतात. तुम्ही मला वाचवलं नाही, कोंडून ठेवलं. माझं संपल्यावर त्यांनी पानाची घडी घातली, माझ्या हातात दिली, आणि दुकानात जाऊन आपलं स्टूल घरी घेऊन आले.

तू लिहिलंस की त्यांचं नाव स्वच्छ झालं. बाजारात झालंही. परवा अकोल्याचे दोन जुने कारागीर तुझ्या पुस्तकाची बातमी पेपरात वाचून भेटायला आले. त्यांनी अब्बांचे हात धरले, एक तर रडला. अब्बांनी त्यांना चहा पाजला आणि पानाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना जे नाव राखायचं होतं ते त्यांचं नव्हतंच. हे मला एकोणीस वर्षांत कळलं नाही, आणि कळलं तेव्हा छापून झालं होतं.

पान मागे घे असं मी म्हणणार नाही. त्यात लिहिलंय ते खरं आहे, आणि आज पुन्हा विचारलंस तरी मी तेच लिहून देईन. तुझ्या वडिलांकडे जात राहा. पाय मागे घेतील तरी जात राहा. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही, पण तो माझा आहे, तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.

अब्बा आता दुकानात येत नाहीत. आज सातवा दिवस. सकाळ-संध्याकाळ मी चहा नेऊन त्यांच्यापुढे ठेवते. ते पितात, आणि मी हात पुढे करायच्या आत उठून आपला कप आपणच धुतात.

इफ्फत